जोसेफ मारी जॅकार्ड: चित्र बघून माग चालवायला शिकवणारा विणकराचा मुलगा

नवी मुंबईतल्या एखाद्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पाचवी-सहावीची मुलं ‘स्क्रॅच’ उघडून बसलेली असतात. पडद्यावर एक मांजर असते. पुढे जा, वळ, हेच पुन्हा कर, अशा सूचनांचे रंगीत ठोकळे मुलं एकाखाली एक जोडतात आणि मांजर चालू लागते. कोडची एकही ओळ टाइप करावी लागत नाही. याच शहरात खारघरला ‘निफ्ट’चं, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं आवार आहे. वस्त्ररचनेचं शिक्षण घेणाऱ्यांना एक गोष्ट लवकरच शिकावी लागते: चौकटीच्या जाळीवर एकेक चौकोन रंगवून नक्षी कशी काढायची. तेच चित्र पुढे मागाला दिलं जातं आणि माग ते विणतो.

दोन्हीकडे युक्ती एकच आहे. यंत्राला काय करायचं ते चित्राने सांगायचं. यंत्र आतून कसं चालतं हे माहीत नसलं तरी चालतं. आज याला व्हिज्युअल प्रोग्रामिंग म्हणतात आणि ते अगदी नवं वाटतं. पण चित्रावरून यंत्राला सूचना देण्याची ही पद्धत दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या ल्यों शहरात रेशमाच्या मागावर रुळली. तिला ज्याचं नाव मिळालं, त्या जोसेफ मारी जॅकार्डला वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचताही येत नव्हतं.

आडनाव नव्हे, टोपणनाव

जोसेफचा जन्म ७ जुलै १७५२ रोजी ल्योंमध्ये झाला. घराण्याचं मूळ आडनाव शार्ल. पण शार्ल नावाची घरं बरीच असल्याने त्यांच्या शाखेला जॅकार्ड हे टोपणनाव पडलं आणि पुढे तेच आडनाव झालं. वडील मागाचे मालक, रेशमाचे कसलेले विणकर. नऊ भावंडांपैकी जोसेफ आणि त्याची बहीण क्लेमांस ही दोघंच मोठी होईपर्यंत जगली. जोसेफ दहा वर्षांचा असताना आई गेली.

मुलगा शाळेत गेलाच नाही. विणकराच्या घरात मूल चालू-बोलू लागलं की मागाजवळ बसायचं, हीच रीत होती. जोसेफही वडिलांच्या हाताखाली राबला. ते काम त्याला झेपेना, म्हणून त्याला आधी पुस्तकं बांधणाऱ्याकडे आणि नंतर छापखान्याचे खिळे पाडणाऱ्याकडे ठेवलं गेलं. बहिणीचा नवरा छपाई आणि पुस्तकविक्रीच्या धंद्यात होता. त्याने या मेहुण्याला अक्षरओळख करून दिली.

मागावर बसलेलं पोर

लहान मुलाला न झेपणारं ते काम काय होतं, हे कळायला माग थोडा समजून घ्यावा लागतो. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. त्यातून धोट्याने आडवा धागा टाकला जातो, तो बाणा. साधं कापड विणताना एकाआड एक उभे धागे वर उचलले की झालं. पण मोर किंवा फूल विणायचं असेल तर प्रत्येक आडव्या ओळीला वेगवेगळे उभे धागे उचलावे लागतात. रेशमी कापडात असे धागे हजारोंनी असतात. नेमके कोणते धागे कधी उचलायचे, यातच सगळी नक्षी असते.

ल्योंमध्ये हे काम विणकराचा मदतनीस करायचा. तो बहुतेक वेळा लहान मुलगा किंवा मुलगी असे. मागाच्या बाजूला बांधलेल्या दोऱ्यांचे जुडगे ठरलेल्या क्रमाने ओढायचे, धागे वर धरून ठेवायचे, धोटा गेला की सोडायचे आणि पुढचा जुडगा ओढायचा. दोऱ्यांना शिशाची वजनं लावलेली असत. दिवसभर असं ओढून अंग मोडून यायचं. एक दोरी चुकली तर नक्षीत खोट येणार आणि ती उसवून पुन्हा विणावी लागणार.

आपल्याकडेही हा प्रश्न होताच. बनारसमध्ये नक्शबंद म्हणवणारे कारागीर दोऱ्यांमध्येच नक्षी बांधून ठेवत आणि मागावरचा मदतनीस त्या दोऱ्या ओढे. पैठणच्या विणकरांनी वेगळी वाट धरली. काठ-पदरावरचा मोर, मुनिया किंवा कमळ विणायला ते रंगागणिक वेगळ्या छोट्या कांड्या वापरतात आणि धागे मोजत, एकमेकांत अडकवत हातानेच नक्षी भरतात. म्हणूनच अस्सल पैठणीची उलटी बाजूही सुलट बाजूसारखीच दिसते. त्यासाठी वेळ मात्र महिन्यांत मोजावा लागतो.

कर्ज, क्रांती आणि मुलाचा मृत्यू

१७७२ मध्ये वडील वारले. जोसेफला घर, माग, शिवाय ल्योंजवळच्या कुझों गावातला द्राक्षमळा आणि दगडाची खाण असा बऱ्यापैकी वारसा मिळाला. १७७८ मध्ये त्याने क्लोदीन ब्वाशों या विधवा बाईशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, ज्यां मारी. पण जोसेफला व्यवहार जमेना. जमिनीच्या खरेदी-विक्रीत तो कर्जबाजारी झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. वारशातली मालमत्ता विकावी लागली, बायकोच्याही मालमत्तेतला काही भाग गेला. ल्योंजवळ उलँ इथलं तिचं घर तेवढं वाचलं.

नंतरच्या गोष्टींमध्ये जॅकार्डला जन्मजात गरीब, उपाशीपोटी शोध लावणारा तपस्वी म्हणून रंगवलं गेलं. कागदपत्रांमधला जॅकार्ड असा नाही. हातात आलेलं गमावून बसलेला, चाळिशी आली तरी कुठेच स्थिरावला नाही असा तो माणूस होता.

तशातच फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये ल्यों शहर पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध उठलं आणि सरकारी फौजेने शहराला वेढा घातला. जॅकार्ड आणि त्याचा किशोरवयीन मुलगा शहराच्या बाजूने लढले. शहर पडल्यावर बापलेक पळाले आणि खोट्या नावांनी क्रांतीच्याच सैन्यात भरती झाले. जीव वाचवायचा तो एक मार्ग होता. पण तिथल्या लढाईत एकुलता एक मुलगा मारला गेला. १७९८ मध्ये जॅकार्ड एकटाच ल्योंला परतला. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याचं नाव ज्या कामामुळे राहिलं ते सगळं यानंतरचं आहे.

जुन्या यंत्रातून नवं यंत्र

ल्योंचा रेशीमधंदा वेढ्यात आणि यादवीत मोडला होता. कारागीर मारले गेले होते किंवा परागंदा झाले होते. कमी माणसांत नक्षीचं कापड विणता येईल असं काहीतरी शहराला हवंच होतं. १८०० मध्ये जॅकार्डने दोऱ्या ओढणाऱ्या मदतनिसाशिवाय चालणारा माग बनवून त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं. मग त्याने मासेमारीचं जाळं विणणारं यंत्र बनवलं. त्यामुळे पॅरिसचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि तिथल्या यंत्रसंग्रहालयात काम करण्याची संधी मिळाली.

त्या संग्रहालयात झाक द व्होकांसाँ या प्रसिद्ध यंत्रकाराने पन्नासेक वर्षांपूर्वी बनवलेला एक माग पडून होता. त्याच्याही आधी, १७२५ मध्ये, बाझील बुशाँ नावाच्या ल्योंच्या कारागिराने भोकं पाडलेल्या कागदाच्या पट्टीने धागे निवडायचा प्रयोग केला होता. त्याचा सहकारी फाल्कों याने पट्टीऐवजी एकमेकांना जोडलेली कार्डं वापरली. व्होकांसाँने मदतनीस काढून टाकून निवडीची यंत्रणा मागाच्या डोक्यावर बसवली. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, पण रोजच्या कामाला येईल असं यंत्र कुणाचंच झालं नव्हतं.

जॅकार्डने हे तुकडे जोडले. त्याने सगळं शून्यातून शोधलं असं म्हणणं चूक ठरेल. मागावर बसणाऱ्या माणसाची अडचण मात्र त्याला अंगमेहनतीने माहीत होती. १८०४ च्या सुमारास त्याचा माग तयार झाला.

कार्ड मागाला काय सांगतं?

या मागाचं काम पाच टप्प्यांत समजून घेता येतं.

पहिला टप्पा चित्राचा. नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात. आडवी ओळ म्हणजे एक बाणा, उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा किंवा धाग्यांचा एक गट. चौकोन रंगवलेला असेल तर धागा वर, कोरा असेल तर खाली.

दुसरा टप्पा कार्डाचा. चित्राच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड घेतात. रंगवलेल्या चौकोनाच्या जागी भोक पाडतात, कोऱ्या चौकोनाची जागा तशीच सोडतात.

तिसरा टप्पा साखळीचा. सगळी कार्डं क्रमाने दोऱ्याने एकमेकांना शिवतात आणि ही माळ मागाच्या वरच्या भागात टांगतात.

चौथा टप्पा वाचण्याचा. विणकर पायाने पावडी दाबतो. कार्डावर सुयांची रांग येऊन टेकते. भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला आकडा जागेवर राहतो. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो आणि आकडा बाजूला सरतो. मग एक दांडा वर जातो आणि जागेवर राहिलेले आकडे तेवढे उचलतो. आकड्यांना बांधलेले धागे वर येतात आणि विणकर धोटा टाकतो.

पाचवा टप्पा पुढच्या ओळीचा. माळ एक घर सरकते, नवं कार्ड येतं. माळेची दोन टोकं एकमेकांना जोडली की शेवटच्या कार्डानंतर पुन्हा पहिलं कार्ड येतं आणि तीच बुट्टी कापडभर उमटत जाते.

स्क्रॅचमध्ये मूल ठोकळे क्रमाने लावतं आणि ‘पुन्हा कर’चा ठोकळा बाहेरून घालतं, तेव्हा ते वेगळं काही करत नसतं. माळ काढून दुसरी टांगली की तोच माग दुसरी नक्षी विणतो. यंत्र तेच, फक्त सूचना बदलल्या. आज हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असं जे म्हणतात, त्यातला फरक ल्योंच्या विणकराला हाताने जाणवला होता.

सम्राटाचा सौदा आणि विणकरांचा राग

१८०५ मध्ये नेपोलियनच्या सरकारने या मागाचे हक्क ल्यों शहराला दिले. माग कुणा एका व्यापाऱ्याचा न राहता शहरातल्या सगळ्यांना बनवायला मोकळा झाला. बदल्यात जॅकार्डला वर्षाला तीन हजार फ्रँकचं तहहयात निवृत्तिवेतन आणि सहा वर्षं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मागामागे पन्नास फ्रँक मिळायचे होते. कर्जात बुडालेल्या माणसाला म्हातारपणी आधार मिळाला.

शहर मात्र लगेच खूश झालं नाही. दोऱ्या ओढून पोट भरणाऱ्यांचं काम जाणार होतं. आपल्या कसबाची किंमत घसरेल अशी भीती विणकरांनाही होती. चिडलेल्या जमावाने जॅकार्डचा माग चौकात जाळला, त्याला नदीत फेकायला निघाले, अशा कथा ल्योंमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यात मीठमसाला किती ते बाजूला ठेवलं, तरी भीती खोटी नव्हती.

सुरुवातीचे माग कुरकुरायचेही. कार्ड नीट सरकत नसे, आकडे अडकत. ही दुखणी १८१५ नंतरच्या काही वर्षांत ज्यां आंत्वान ब्रतों या दुसऱ्या कारागिराने दूर केली आणि मग माग खऱ्या अर्थाने पसरला. नाव जॅकार्डचंच राहिलं. हा माग इतका उंच होता की ल्योंच्या क्रुआ-रूस टेकडीवर विणकरांसाठी खास उंच छताची घरं बांधली गेली. ती आजही पाहायला मिळतात.

आता लहान पोराला दोऱ्या ओढायला बसावं लागत नव्हतं. एकटा विणकर गुंतागुंतीची नक्षी विणू शकत होता आणि त्यासाठी ती पाठ असण्याची गरज नव्हती. पण जाणकारी नाहीशी झाली नव्हती, ती मागावरून उठून दुसऱ्या खोलीत गेली होती. चित्र चौकटीच्या कागदावर उतरवणारा आणि तो कागद वाचून कार्डांना भोकं पाडणारा, असे नवे तज्ज्ञ तयार झाले. नक्षी आणि रेशीम व्यापारी द्यायचा, माग आणि घाम विणकराचा असायचा. भाव कुणी ठरवायचा, हा प्रश्न यंत्राने सोडवला नाही. १८३१ मध्ये आणि पुन्हा १८३४ मध्ये ल्योंचे विणकर रस्त्यावर उतरले. १८३१ चं भांडण यंत्राविरुद्ध नव्हतं, विणलेल्या मालाला किमान दर मिळावा यासाठी होतं. दोन्ही उठाव सैन्याने मोडून काढले.

जॅकार्ड तेव्हा उलँमध्ये राहत होता. १८१९ मध्ये त्याला फ्रान्सचा ‘लेजिओं द’ऑनर’ हा सन्मान मिळाला होता. दुसऱ्या उठावानंतर काही महिन्यांनी, ७ ऑगस्ट १८३४ रोजी, तो वारला. १८४० मध्ये ल्योंने त्याचा पुतळा उभारला.

कार्डाचा पुढचा प्रवास

जॅकार्डच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी त्याच्याच पद्धतीच्या मागावर त्याचं रेशमी चित्र विणलं गेलं. त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली. लांबून पाहणाऱ्याला ते छापील चित्र वाटे. इंग्लंडमधले गणिती चार्ल्स बॅबेज यांनी ते मिळवलं आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं. बॅबेज यांच्या डोक्यात एक प्रचंड गणकयंत्र होतं. त्याला आकडे आणि सूचना देण्यासाठी त्यांनी जॅकार्डची कार्डंच वापरायचं ठरवलं. ते यंत्र कधी पूर्ण झालं नाही, पण त्यावर एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये लिहिलेल्या टिपांमधून यंत्राला सूचना देण्याचं शास्त्र उभं राहू लागलं.

१८९० मध्ये हर्मन हॉलेरिथ यांनी अमेरिकेच्या जनगणनेची माहिती भोकांच्या कार्डांवर मोजली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये ‘सीडीसी ३६००’ हा मोठा कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्याकडे प्रोग्राम घेऊन जाणारे संशोधकही कार्डांचे गठ्ठेच हातात घेऊन जात.

या प्रवासात एक गोष्ट मात्र हरवली. ल्योंच्या कार्डामागे चौकटीचा कागद होता, चित्र होतं. कॉम्प्युटरच्या कार्डामागे कोड होता आणि तो मोजक्यांनाच वाचता येई. सामान्य माणसाला पुन्हा चित्रातून यंत्राशी बोलता यावं, यासाठी १९६७ मधली मुलांसाठीची ‘लोगो’ भाषा, १९७९ मधली ‘व्हिजीकॅल्क’ ही पहिली गाजलेली स्प्रेडशीट आणि २००७ मध्ये आलेलं ‘स्क्रॅच’ असे टप्पे पार पडावे लागले. मागाच्या जगात मात्र चित्र कधी सुटलंच नाही. १९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दाखवलं गेलं. त्यात पुठ्ठ्याची माळ गेली आणि पडद्यावरची नक्षी थेट मागाला मिळू लागली.

येवल्यातला माग

महाराष्ट्रात जॅकार्ड हे नाव पाहायचं तर येवल्याला जावं. तिथे नुसत्या हाताने भरलेली पैठणीही विणली जाते आणि काठ-बुट्टीसाठी डोक्यावर जॅकार्ड बसवलेल्या मागावरची पैठणीही. पहिलीला महिने लागतात आणि किंमतही तशीच असते. दुसरी लवकर होते, म्हणून ती अधिक घरांत पोहोचते. ओळखायची सोपी खूण म्हणजे साडीची उलटी बाजू: जॅकार्डच्या नक्षीमागे सुटे धागे दिसतात.

पण विणकराच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. नक्षीची कार्डं बाहेरून तयार करून आणणारा विणकर दुसऱ्याने ठरवलेला मोर विणतो. ज्याला चौकटीचा कागद वाचता येतो, भरता येतो, तो मोराची मान हवी तशी वळवू शकतो आणि नव्या नक्षीचा भावही सांगू शकतो. आजच्या सोप्या साधनांनाही हेच लागू पडतं. तयार ठोकळे वापरून ॲप बनवणाऱ्याला काम उरकता येतं. ठोकळा काय करतो हे उमगलेल्याला त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करता येतो.

जॅकार्डने मागावरच्या पोराची सुटका केली, हे त्याचं मोठं काम. ते पोर चौकटीच्या कागदापुढे बसेल का, हे मात्र त्याच्या यंत्राच्या हातात नव्हतं. त्यासाठी कुणीतरी त्याला तो कागद वाचायला शिकवायला हवं होतं, जसं खुद्द जोसेफला त्याच्या मेहुण्याने अक्षर वाचायला शिकवलं होतं.